‘द हॉबिट’ चित्रत्रयी: बिल्बो कुठे हरवला?

जे. आर. आर. टॉल्किन यांची १९३७ साली प्रकाशित झालेली ‘द हॉबिट’ ही कादंबरी सुमारे तीनशे पानांत आणि एकोणीस प्रकरणांत आटोपते. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी २०१२ ते २०१४ या काळात तिच्यावर काढलेले तीन चित्रपट सलग पाहायचे ठरवले, तर जवळजवळ आठ तास हाताशी हवेत. (तेवढ्याने ज्यांचे पोट भरले नाही, त्यांच्यासाठी विस्तारित आवृत्त्याही निघाल्या.) मला लांबीचे वावडे नाही. आक्षेप आहे तो असा की, या पसाऱ्यात ज्याची ही गोष्ट आहे तो बिल्बोच, म्हणजे ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायला बुटक्यांच्या (ड्वार्फ जमातीच्या) टोळीबरोबर निघालेला चिमुकला हॉबिटच, बाजूला पडतो.

मुळात दोनच चित्रपटांचा बेत होता. तिसऱ्याची घोषणा पहिला भाग प्रदर्शित होण्याच्या पाचेक महिने आधी झाली, आणि ही उशिरा घातलेली शिवण लपत नाही. दुसऱ्या भागाच्या अखेरीस स्मॉग हा ड्रॅगन सरोवरातल्या गावावर झेपावतो आणि चित्रपट तिथेच तोडला जातो. ज्याच्या भीतीवर दोन भाग उभे केले, त्याचा मृत्यू मग तिसऱ्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांत उरकला जातो.

पिंपांचा प्रसंग पाहा. पुस्तकात बुटके पिंपांत बंद होऊन त्यांना कैद करणाऱ्या एल्फांच्या (अरण्यात राहणाऱ्या जमातीच्या) नकळत नदीतून निसटतात, आणि खरी गंमत बिल्बोच्या फजितीत असते: बाकीच्यांना बंद केल्यावर आपल्याला बंद करायला कोणीच उरलेले नाही, हे त्याच्या फार उशिरा ध्यानात येते. पडद्यावर पिंपे उघडी असतात, काठावरून ओर्क हे राक्षसी सैनिक हल्ला करतात, आणि मूळ कादंबरीत नसलेला लेगोलास हा एल्फ तिरंदाज बुटक्यांच्या डोक्यांवर पाय देत बाण सोडतो. प्रसंग नेत्रदीपक आहे, पण त्यात बिल्बोचे काय चालले आहे हे पाहायला फुरसत मिळत नाही. टॉरिएल या नव्याने रचलेल्या एल्फ योद्धीचे प्रेमप्रकरण तर निव्वळ भरताड वाटते.

शेवटच्या लढाईत हा फरक सर्वाधिक जाणवतो. कादंबरीत डोक्यात दगड बसून बिल्बो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सारे संपलेले असते. टॉल्किन यांना युद्धाचे सोहळे मांडण्यात रस नव्हता. चित्रपटाने मात्र त्याच लढाईवर एक अख्खा भाग उभा केला आहे.

याउलट, पहिल्या भागातला गॉलम या गुहेतल्या विचित्र प्राण्याबरोबरचा बिल्बोचा कोड्यांचा खेळ अप्रतिम उतरला आहे. अंधारी गुहा, दोनच पात्रे, बिल्बो साकारणाऱ्या मार्टिन फ्रीमन यांच्या चेहऱ्यावरची घाबरट चलाखी आणि गॉलम झालेल्या अँडी सर्किस यांचा क्षणात लाडीगोडीवरून हिंस्रपणावर जाणारा आवाज, एवढ्यावर तो प्रसंग तोलला आहे. तिसऱ्या भागातही लढाईनंतर बिल्बो आणि जादूगार गँडाल्फ शेजारी बसतात. गँडाल्फ बराच वेळ आपला पाइप कोरत राहतो आणि दोघांपैकी कोणीही एक शब्द बोलत नाही. त्या भागातले मला पुन्हा पाहावेसे वाटणारे दृश्य तेवढेच.