क्लाउडफ्लेअर पेजेस: दुकानाच्या वेबसाइटला पुरेसं, पण ईमेल सांभाळा

कोल्हापुरातलं महाद्वार रोडवरचं चपलांचं दुकान, गुजरीतली सराफी पेढी किंवा शिवाजी उद्यमनगरातलं मशीन शॉप, यांची वेबसाइट म्हणजे बहुधा पाच-दहा पानं, फोटो आणि व्हॉट्सॲपचं बटण. ना डेटाबेस, ना लॉगिन. तिच्यासाठी दरवर्षी होस्टिंगचं पॅकेज घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. क्लाउडफ्लेअर पेजेस (क्लाउडफ्लेअर कंपनीची वेबसाइट ठेवायची सेवा) हिचा फुकट प्लॅन पुरून उरतो: साध्या फायलींच्या ट्रॅफिकला मर्यादा नाही, महिन्याला ५०० बिल्ड (साइट नव्याने तयार करण्याच्या खेपा) मिळतात, एसएसएल (ब्राउझरमधलं सुरक्षिततेचं कुलूप) आपोआप लागतं. खर्च फक्त डोमेनचा. गिटहब पेजेस ही अशीच दुसरी सेवाही फुकट, पण ऑनलाइन विक्रीच्या धंद्याला त्यांच्या नियमांतच मनाई आहे.

साइट चढवायचे दोन रस्ते आहेत: ब्राउझरमध्ये फोल्डर ओढून टाकणं किंवा गिटची (फायलींतले बदल नोंदवणारी प्रणाली) रिपॉझिटरी, म्हणजे तिच्यातला फायलींचा साठा, जोडणं. हे आधीच ठरवा, कारण फोल्डर टाकून सुरू केलेला प्रोजेक्ट नंतर गिटला जोडता येत नाही, नवा करावा लागतो. गिट जोडलं तर बिल्डचं फोल्डर, म्हणजे तयार पानं जिथे पडतात त्याचं नाव, सेटिंगमध्ये नीट भरा. साइट बनवायच्या साधनांपैकी ह्यूगोचं ‘पब्लिक’, ॲस्ट्रोचं ‘डिस्ट’.

उद्यमनगरवाल्यांची गाडी अडते ती कॅटलॉगवर. एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे आणि स्कॅन केलेली पीडीएफ ती सहज ओलांडते. १५० डीपीआयवर (स्कॅनची बारकाई) पुन्हा काढली की बहुतेक वेळा भागतं. फोटो दिसत नसतील तर फाइलचं नाव बघा. विंडोजला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच. क्लाउडफ्लेअरवर मात्र फाइलच्या नावातलं शेवटचं ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत असेल आणि पानात लहान लिहिलं असेल तर फोटो येत नाही. पानांच्या फायलींना देवनागरी नावंही नकोत. लिंक कॉपी केली की ‘चप्पल’ एवढ्या शब्दाची ४५ अक्षरं होतात.

सहसा लक्षात न येणारी गोष्ट: ‘४०४’ नावाचं (‘पान सापडलं नाही’ सांगणारं) एचटीएमएल पान ठेवलं नाही, तर चुकीच्या पत्त्यावरही मुखपृष्ठच उघडतं. तुटलेल्या लिंक मग कळतच नाहीत. ते पान ठेवाच.

सगळ्यात मोठा धोका डोमेन जोडताना. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सकट पत्ता चालणार असेल तर डोमेनच्या नोंदी आत्ता आहेत तिथेच एक सीनेम नोंद (हा पत्ता त्या पत्त्याकडे, असं सांगणारी) पुरते. त्याशिवायचा मूळ पत्ता हवा असेल तर नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरकडे न्यावे लागतात. ते बदलण्याआधी ईमेलच्या नोंदी, म्हणजे एमएक्स (ईमेल कुठे पोचवायची ते सांगणारी), एसपीएफ आणि डीकेआयएम (पाठवलेली ईमेल खरी असल्याचं पटवणाऱ्या), एकेक करून जुळवा. क्लाउडफ्लेअरने आपोआप शोधलेल्या यादीवर विसंबू नका, त्यात एखादी सुटते. एमएक्स सुटली की साइट झकास दिसते आणि चौकशीची ईमेल येणं बंद होतं, तेही कुणाच्या ध्यानात न येता.

काही बिघडलंच तर डॅशबोर्डवरून आधीची आवृत्ती लगेच परत आणता येते. ही सोय फार चांगली. पीएचपीचा (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचा) फॉर्म मात्र इथे चालणार नाही.