पेट्रोलच्या टँकरची नोकरी: पगार जास्त, पण हातात किती?

न्हावा शेवाहून चाकण-रांजणगावला कंटेनर नेणाऱ्या ड्रायव्हरला मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून टँकरची ऑफर आली की आधी पगाराचा आकडा सांगितला जातो. आकडा खरा असतो, पण तेवढ्यावर हिशोब होत नाही. कंटेनरवर मूळ पगार कमी असला तरी भत्ता, हॉल्टिंग (गाडी अडकून पडल्याचे पैसे) आणि ठरलेल्या अ‍ॅव्हरेजच्या वर वाचवलेल्या डिझेलचे पैसे असं मिळून बरंच हाताशी येतं. टँकरवर हे सगळं फार कमी. समजा, आज पगार २०,००० आणि वरचे ५,००० मिळतात आणि तिकडे सरळ २८,००० आहेत. मग वाढ झाली ३,००० ची, ८,००० ची नव्हे. बिऱ्हाड नाशिक-मालेगावकडे असेल आणि रात्री घरी जेवायला मिळत असेल, तर ही वाढ पुरेशी आहे. घर पनवेलला ठेवून तिकडे खोली घ्यायची असेल, तर नाही.

काम म्हणून पाहिलं तर टँकर कंटेनरपेक्षा नक्कीच उजवा. पोर्टच्या गेटवरची रांग नाही, हमालांची वाट पाहणं नाही. कप्प्यात कॅलिब्रेशनच्या (मोजून ठरवलेल्या) खुणेपर्यंतच माल भरतात, त्यामुळे ओव्हरलोडच्या चलानाची धास्ती नाही. जवळच्या पंपांच्या फेऱ्या असतील तर त्याच दिवशी परत येता येतं. मात्र केबिनमध्ये स्टोव्ह, काडीपेटी, बिडी यातलं काहीच चालत नाही. ढाब्यावर मनाला येईल तिथे गाडी लावता येत नाही. रिकाम्या टँकरमध्ये तर जास्तच जपावं लागतं, कारण आत पेट्रोलची वाफ भरून राहते आणि ठिणगीला तेवढी पुरते.

खरा प्रश्न शॉर्टेजचा, म्हणजे पंपावर माल कमी भरण्याचा. पेट्रोल तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. ढोबळमानाने एका अंशाला हजार लिटरमागे एक लिटर. १२,००० लिटरचा टँकर दुपारच्या उन्हात भरला, थंडीत पहाटे पंपावर पोचला आणि माल पाच अंशांनी गार झालेला असला, तर डिपमध्ये (टाकीत दांडी बुडवून घेतलेल्या मापात) ६० लिटरच्या आसपास कमी दिसेल. लिटरला शंभराच्या वरचा भाव धरला तर हे सहा हजारांच्या पुढे जातं. एक थेंबही कुणी काढलेला नसतो, तरी कटिंग पगारातून होतं आणि दोन महिन्यांची वाढ एका फेरीत जाते. म्हणून बोलणी करताना पगाराआधी हे विचारा: शॉर्टेज कोण भरतं, किती लिटरपर्यंत माफ आहे, आणि मोजताना तापमान धरता की नाही? उत्तर लेखी मिळत नसेल, तर आमच्या मते ती नोकरी घेऊच नये.

ठराव चांगला असला तरी पंपावर स्वतः जपावं लागतं. गाडी सपाट जागेवर उभी करून माल दहा मिनिटं स्थिर होऊ द्यावा, मग डिप घ्यावी. हायड्रोमीटर (डेन्सिटी, म्हणजे घनता मोजायचं साधन) आणि थर्मामीटरचं रीडिंग मॅनेजरसमोर घेऊन मालाच्या चलानावर लिहून सही घ्यावी. इनव्हॉइसवरची डेन्सिटी १५ अंशांची असते, त्यामुळे तक्त्यावरून बदलूनच जुळवायची. फरक घनमीटरला ३ किलोच्या आत असेल तर माल बरोबर. वाद घालायचा तो व्हॉल्व्ह उघडण्याआधी. माल एकदा जमिनीखालच्या टाकीत उतरला की ड्रायव्हरच्या हातात काही पुरावा उरत नाही.

पाइप जोडण्याचा क्रमही ठरलेला आहे. इंजिन बंद, चाकांना गुटके, मग अर्थिंगची क्लिप, आणि त्यानंतरच होज. सोडताना उलट: आधी होज, सगळ्यात शेवटी क्लिप. माल वाहताना स्थिर वीज साठते, तिला जमिनीत जायला ती क्लिपच वाट देते. रंग लागलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर लावलेली क्लिप काही कामाची नाही; पत्रा घासून लख्ख करून लावावी.

या नोकरीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं. सावध ड्रायव्हिंग आणि गाडीची तपासणी हे भाग अनुभवी माणसाला ओळखीचे वाटतील. पैसे वसूल होतात ते मालाच्या सुरक्षिततेच्या भागात: टँकरवरच्या पाटीवर १२०३ म्हणजे पेट्रोल, ट्रेमकार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड) कसं वाचायचं, गळती झाली तर आधी काय करायचं. प्रवेश घेण्याआधी विचारा, अग्निशामक प्रत्यक्ष चालवून घेतात का. नुसतं सर्टिफिकेट हातात ठेवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. आग लागली तर त्या कागदाचा उपयोग नाही. लायसन्सवरचा धोकादायक मालाचा शेरा तीन वर्षं चालतो आणि नूतनीकरणाला एका दिवसाचा रिफ्रेशर लागतो. शेरा चढेपर्यंत जुनी नोकरी सोडू नये.

मालकाकडे पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) परवाना आहे का आणि गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरचं कव्हर आहे का, ते परवाना आणि पॉलिसी उघडून पाहा. तोंडी ‘आहे’ धरू नका. पीएफ जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) सुरू करून घ्या.

जुन्या मालकाकडून निघताना उचल फेडल्याची पावती, शेवटच्या फेरीचा खर्चीचा (वाटखर्चाला दिलेल्या पैशांचा) हिशोब आणि पोच दिल्याची सही घ्या. या तीन कागदांवाचून शेवटचा पगार हमखास अडकतो. मूळ लायसन्स नव्या मालकाने ‘ऑफिसात ठेवा’ म्हटलं तर द्यायचं नाही; फोटोकॉपी द्या, लागलं तर डिजिलॉकरवरचं दाखवा.