बांध कोर्टात, विहीर लोकअदालतीत

दावा तालुक्याच्या कोर्टात पडून आहे आणि लोकअदालतीची नोटीस आली आहे, तर जावं की नको? गेल्या दिवाळीपासून तिघांनी मला हे विचारलं, कारण आमच्या घरात दोन्ही झालंय. बांधाचा दावा आम्ही निकालापर्यंत लढवला, विहिरीच्या पाळीचा लोकअदालतीत मिटवला. मी वकील नाही, दोन्हीकडच्या बाकांवर बसलेला माणूस आहे. त्या बेतानेच वाचा.

आधी बांध. शेजारच्या गटवाल्यांनी दीड गुंठा आत सरकून नांगरलेलं. सरकारी मोजणी आमच्या बाजूची, नकाशात अतिक्रमण रंगवून दाखवलेलं. एवढा स्वच्छ कागद असताना तडजोड कशाला, असं वडील म्हणायचे आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. २००६ साली दावा दाखल झाला. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), वादाचे मुद्दे, साक्षीदारांचा सरतपास, उलटतपास हे सगळं झालं. तारखांचंही मला फारसं वाईट वाटत नाही. तालुक्याला गेलं की बँकेचं, खताचं काम होऊन जातं.

मला वैताग आणला तो वारसांनी. २०११ साली मूळ प्रतिवादी वारले. प्रतिवादी वारला की ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचा अर्ज वादीने करायचा असतो. नाही केला तर त्याच्यापुरता दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. उशीर माफ होतो, पण त्यासाठी पुन्हा वेगळे अर्ज. म्हणजे माणूस त्यांच्या घरातला गेला आणि धावपळ आमची. आम्ही दहाव्याला गेलो होतो, भावकीच ती. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे, आणि वडील माझ्या कानात म्हणाले, ‘धाकटीचं सासरचं आडनाव काय रे?’ तिथे विचारणार कोणाला?

त्यांचे वारस म्हणजे बायको, तीन मुलगे, दोन लेकी. धाकटी सुरतेला. तिचं समन्स तीनदा परत आलं, ‘सदर पत्त्यावर मिळून येत नाही’ असा शेरा घेऊन. भाऊबीजेला ती दरवर्षी आमच्या दारावरून माहेरी जायची, समन्सला मात्र मिळून यायची नाही. शेवटी पेपरात जाहीर समन्स दिलं. तोवर त्या तिघांतला एक मुलगा गेला, की पुन्हा अर्ज, पुन्हा नोटिसा. २०१४ साली वडील गेले आणि आता आम्हीच वारस म्हणून मृत्यूचा दाखला घेऊन उभे.

निकाल २०१७ साली लागला, आमच्या बाजूने. मग जिल्हा न्यायालयात अपील. ते फेटाळलं गेलं, तेव्हा ताब्यासाठी दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज. दरखास्तीत अबेट व्हायची भीती नसते, पण वारस लावायचे ते लावावेच लागतात. तो दीड गुंठा अजून त्यांच्याच नांगराखाली आहे. भांडण ज्यांचं, ते दोघेही गेले. आता त्यांची नातवंडं आमच्या लग्नात पंगतीत वाढतात आणि तारखेला समोरच्या बाकावर बसतात.

विहिरीचं इतकं सांगण्यासारखं नाही, आणि तेच तिचं कौतुक. काकांशी सामाईक विहीर, दावा दुसऱ्या वर्षात. लोकअदालतीच्या पॅनेलसमोर अर्धा-पाऊण तास बोलणं झालं. आठवड्याचे चार दिवस काकांना, तीन आम्हाला. हिशेबाने आम्ही अर्धा दिवस हरलो. पण काकांनी स्वतःच्या हाताने सही केली, ७८व्या वर्षी, थरथरत का होईना. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, आणि आम्हाला कोणाचं आडनाव विचारत फिरावं लागलं नाही.

१९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (निकालासारखाच) धरला जातो. त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. समोरच्याने नाही पाळला तर दरखास्त इथेही आहेच. जमलं नाही, तर प्रकरण होतं तिथे परत जातं. तुमच्या संमतीशिवाय तिथे काही लादलं जात नाही. (वीज, पाणी, विमा अशा सेवांसाठी ‘कायम’ लोकअदालत असते, तिचं वेगळं आहे. तिथे समेट झाला नाही तरी निवाडा होऊ शकतो.)

मग दावा लढवूच नये का? तसं मी म्हणणार नाही. कोणी आजच जेसीबी लावून बांध फोडत असेल तर मनाई अर्ज घेऊन कोर्टातच जा. मालकीच नाकारली जात असेल, किंवा बहिणींवर गप्प सही करायचा दबाव असेल, तर तडजोड नको. पण वाद दोन-चार गुंठ्यांचा, पाळीचा, वाटेचा असेल आणि दोन्हीकडची मूळ माणसं अजून चालती-बोलती असतील, तर मी नोटिशीवरची तारीख पाळेन.

जाताना तडजोडीची पुरशीस, म्हणजे ठरलेल्या अटींचा सह्या करून द्यायचा कागद, मात्र घरी दोनदा वाचा. गट नंबर, नकाशा, कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, सगळं त्यात हवं. दाव्यात नसलेली जमीन अदलाबदलीत घातलीत तर रजिस्ट्रीचा प्रश्न उभा राहतो, ते वकिलांना आधीच विचारा. आम्ही पाळीचे दिवस लिहिले, मोटारीचं बिल लिहिलं, गाळ काढायचा खर्च लिहायचा राहिला. दोन वर्षांनी क्रेन लावली तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, पुरशिशीत दाखव. दाखवायला काही नव्हतं, आणि अपीलही नाही. तो खर्च आम्हीच केला.