कपॅसिटरमध्ये तांब्याची पट्टी सरकवावी की काचेची?

कपॅसिटर म्हणजे प्रभार साठवणाऱ्या, समोरासमोर ठेवलेल्या धातूच्या दोन प्लेटा. त्यांच्यात 10 मिमी अंतर, 1000 व्होल्ट. म्हणजे मधलं विद्युत क्षेत्र मीटरला 1 लाख व्होल्ट. बॅटरी काढून घ्या आणि प्लेटांना न टेकवता 5 मिमी जाड पट्टी मध्ये सरकवा.

तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉन धन प्लेटेकडे सरकतात आणि आतलं क्षेत्र शून्य होईपर्यंत थांबत नाहीत. पण सरकतात तरी किती? इलेक्ट्रॉनांची घनता घनमीटरला सुमारे 8.5×10²⁸ असल्याने संपूर्ण समूह जेमतेम 6.5×10⁻¹⁷ मीटर हलतो. प्रोटॉनच्या आकाराहूनही कमी! म्हणून ‘प्रभार आतून पृष्ठभागापर्यंत धावत जातात’ हे पाठ्यपुस्तकी चित्र फार दिशाभूल करतं. व्होल्टेज 500 वर येतं.

काचेत इलेक्ट्रॉन अणूंना बांधलेले, ते फक्त किंचित कलतात. परावैद्युत स्थिरांक (पदार्थाच्या आत क्षेत्र किती पटींनी घटतं तो आकडा) 5 धरला तर पृष्ठभागावर तांब्याच्या तुलनेत 80 टक्केच प्रभार उमटतो, आत पाचवा हिस्सा क्षेत्र उरतं. व्होल्टेज 600.

क्षेत्र पूर्ण अडवायचं असेल तर तांबंच. मात्र ते दोन्ही प्लेटांना टेकलं की कपॅसिटर शॉर्ट; काच टेकली तरी चालते. बॅटरी जोडलेलीच राहिली तर व्होल्टेज 1000 वरच राहतं, आणि तांब्याभोवतीच्या हवेतलं क्षेत्र दुप्पट होतं. प्रयोग फसतो तो बहुधा इथेच.