फोटोत तुंग होता आणि मी भंडारदऱ्याचे पैसे भरले

तंबूच्या खोट्या बुकिंगमध्ये गेले २६,८६२ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "नक्की किती गेले गं?" असं परत कुणी विचारायला नको. घरात पंधरा दिवस तेवढंच चाललं होतं.

काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जायचं ठरलं. जूनचा पहिला शनिवार, दोन गाड्या. सासू-सासरे, दीर-जाऊ, नणंद आणि तिचा नवरा, आम्ही दोघं, दोन मुलं. बुकिंग माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात डोंगर चढणारी मीच. रतनगड तीनदा, सांदण दोनदा, कळसूबाईच्या शिड्या किती वेळा चढले याचा हिशेब नाही. मिरवत नाहीये. पुढची सगळी लाज याचीच आहे.

मोबाइलवर जाहिरात आली. तलावाकाठी तंबू, रात्री शेकोटी, बार्बेक्यू, 'काजवे गॅरंटी'. तिथेच हसून पुढे जायला हवं होतं. काजवे काय त्याने पाळलेत? एक जोराचा पाऊस झाला की हिरड्या-बेहड्यावरचा तो खेळ आवरत येतो, हे मी दरवर्षी दहा जणांना सांगत असते. मोठ्यांना माणशी १,४००, मुलांना ७००. एकूण १२,६००, त्यातले निम्मे, ६,३००, आगाऊ. दुसऱ्या दिवशी 'फॉरेस्टचा गाडीपास', गाडीला ३५० प्रमाणे ७००. (अभयारण्याची पावती नाक्यावर फाडतात. मी स्वतः फाडून घेतलीये. तरी भरले.) मग तंबूचं डिपॉझिट ५,०००, 'चेक-इनला लगेच परत'. कोड स्कॅन केला तर नाव एका मोबाइल दुकानाचं. विचारलं, तर म्हणे आमच्या मेहुण्याचं खातं. मेहुण्याचं खातं म्हटलं की फोन ठेवा. पुढचं ऐकूच नका.

आता तो फोटो. पाणी, काठावर पिवळे तंबू, मागे मावळतीचं आभाळ आणि त्यात एक टोकदार डोंगर, अगदी लहान मुलं चित्रात काढतात तसा. मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. जाऊबाईंनी विचारलं, "तो डोंगर कुठला गं?" आणि मी, मी बाईंनी, उत्तर दिलं, "कळसूबाईच्या रांगेतला असेल एखादा."

तो तुंग होता. पवनेच्या काठचा तुंग, कठीणगड. मी त्याच्या माथ्यावर बसून डबा खाल्लाय. भंडारदऱ्याच्या पाण्यावरून रतनगड दिसतो आणि त्याच्या बाजूला खुटा नावाचा सुळका उभा असतो. तो खुटा फोटोत नाही म्हणजे ही जागाच ती नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण जागेपणी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीचा घास धरून बघितलं, आणि बघितलंच नाही. आजही तो फोटो उघडून मी त्या टोकाकडे बघत बसते. नवरा म्हणतो डिलीट कर. करत नाही.

दुसरी खूण फोनवर मिळाली होती. मी विचारलं, "शेंडीपासून किती लांब आहे तुमचं?" पलीकडे क्षणभर शांतता. मग, "कुठली शेंडी, मॅडम?" भंडारदऱ्यात धंदा करणाऱ्याला शेंडी गाव माहीत नाही! धरण शेंडीत, एसटी शेंडीत, चहासुद्धा शेंडीत. मला वाटलं आवाज तुटतोय. लगेच तो म्हणाला, "हां हां, शेंडी, पाच मिनिटं," आणि मी समाधानाने पुढचं विचारलं, जेवणात जैन मिळेल का.

शनिवारी घोटीला उजवीकडे वळलो आणि त्याचा फोन आला. डिपॉझिट परत करतोय, चेक-इन कोड १४८६२, तो रकमेच्या रकान्यात टाका आणि पिन द्या. हो, माहितीये. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच मामंजींना वहीत लिहून दिलंय. पण मागे एक पोर ओकत होतं, रेंज येत-जात होती, तो घाई करत होता, "सिस्टिम दोन मिनिटांत बंद होईल." टाकला पिन. १४,८६२ गेले. मेसेज वाचेपर्यंत बारी गाव आलं होतं आणि त्याचा फोन बंद.

पाठवलेल्या पत्त्याची खूण उघडली तर ती धरणाच्या पाण्यात, काठापासून बरीच आत. शेंडीत एका तंबूवाल्याला फोटो दाखवला. त्याने बोटांनी मोठा केला, एकदाच बघितला. "ताई, हा डोंगर आमच्याकडं नाय. ह्ये पुण्याकडलं पाणी हाय." त्याला तीन सेकंद लागले. म्हणाला, आठवड्यात तुम्ही चौथे. सासूबाई गाडीतून ऐकत होत्या.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तिथूनच फोन लावला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. असं झालं तर पहिल्या तासात हेच करा, नातेवाइकांना फोन नंतर. मग वाटेवरच्या एका चौकीत गेलो. साहेब विचारतात, पिन टाकला तेव्हा गाडी कुठे होती? घोटीच्या पुढे. मग नाशिक जिल्हा, आमचं काम नाही. नाहीतर तुम्ही राहता तिकडे जा. राहतो तिकडे गेलो, तर तिथले म्हणतात, घटना तिकडची, इथे कशी घेणार? १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. ते कलम छापून नेलं. ठाण्यातल्या माणसाने कागद उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता." यावर काय बोलणार? शिकलेली आहे म्हणून तक्रार नको? तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, शिक्का मारला. शिक्क्यावरची तारीख आदल्या दिवशीची.

बँक त्याहून भारी. "पिन तुम्हीच टाकला ना?" हो. "मग व्यवहार अधिकृत आहे." फसवणूक झाली हे सांगायला रांगेत पाऊण तास उभी, समोर भिंतीवर पोस्टर, 'सतर्क ग्राहक, सुरक्षित ग्राहक'. नंतर कळलं की त्या खात्यातले २,१४० रुपये गोठवलेत. मिळतील का? कोर्टाची ऑर्डर आणा. २,१४० साठी वकील! आणि खातं ज्याच्या नावावर आहे त्या दुकानाला कुणी जाऊन विचारलं का, यावर उत्तर एकच, तपास चालू आहे. कुणाचा, ते सांगत नाहीत.

कुणी म्हणेल, बाईने एवढं कसं नाही बघितलं. म्हणा. पण पुढच्या वेळी तंबू ठरवताना त्याला व्हिडिओ कॉलवर या क्षणाचं पाणी दाखवायला सांगा. एसटी कुठे थांबते ते विचारा. सगळ्या चांगल्या प्रतिक्रिया एकाच आठवड्यातल्या असतील तर त्या त्याच्याच. शक्यतो पोचल्यावर रोख द्या, गावातल्या माणसाला.

त्या रात्री आम्ही तंबूवाल्याच्या बहिणीच्या पडवीत झोपलो. पिठलं-भाकरी, माणशी दोनशे, मुलांचे घेतले नाहीत. काजवे दिसले. ओढ्यापलीकडचं एक झाड अख्खं उजळत होतं, विझत होतं. सासूबाई बघत होत्या, माझ्याशी बोलत नव्हत्या.

परवा त्या नंबरचा डीपी बदलला. काजवे काढून आता 'वॉटरफॉल कॅम्पिंग, ऑफर ९९९' आहे. तंबू निळे केलेत. मागे तुंगच.