सात-आठ माणसांच्या दुकानाला पीएफ: ऐच्छिक नोंदणी कशी आहे?

नागपुरातल्या इतवारीतलं होलसेल दुकान असो की हिंगण्याचं छोटं वर्कशॉप, पीएफचा कायदा २० माणसांपासून लागतो म्हणून बहुतेक मालक हा विषय काढतच नाहीत. पण मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असले तर कमी माणसांतही ऐच्छिक नोंदणी होते. बचत, पेन्शन आणि विमा एकाच चलानात देणारी याहून चांगली सोय छोट्या पगारदारासाठी आम्हाला दिसत नाही.

हिशोब असा. पगार १५,००० आणि दर १२ टक्के धरला तर कामगाराचे १,८०० कापायचे. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला, ५५० पीएफला. वर विम्याचे ७५ आणि प्रशासकीय शुल्काचे ७५. आठ जणांचं चलान बरोबर ३०,००० चं, त्यात मालकाच्या खिशातून १५,६००. प्रशासकीय शुल्क महिन्याला किमान ५०० लागतं, त्यामुळे चार-पाच जणांच्या दुकानाला ते थोडं महाग पडतं.

नोंदणी श्रम सुविधा पोर्टलवर होते. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक तयार ठेवा. अडतं ते यूएएनपाशी, म्हणजे कामगाराच्या कायमच्या पीएफ क्रमांकापाशी. नवीन यूएएन कामगाराने स्वतः सरकारच्या उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढायचा असतो. आधारवरच्या नावात किंवा जन्मतारखेत चूक असेल तर आधी आधार सुधारा, नंतर क्लेम अडकत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक पेन्शनच्या रकान्यात होते. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचा पगार १५,००० च्या वर असेल तर त्याला पेन्शन योजना लागू नाही. मालकाचे सगळे पैसे पीएफमध्येच टाकायचे. पन्नाशीच्या नवीन माणसालाही आधीच स्पष्ट सांगा: पेन्शनला १० वर्षं सेवा लागते आणि पेन्शनमध्ये पैसे भरणं वयाच्या ५८ व्या वर्षी थांबतं, म्हणून त्याला सहसा मासिक पेन्शन बसत नाही, त्याऐवजी एकरकमी पैसे मिळतात.

चलान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भराच. उशीर झाला की वार्षिक १२ टक्के व्याज, त्यावर दंड. शिवाय कामगाराकडून कापलेली रक्कम आयकर रिटर्नच्या मुदतीपर्यंतही भरली नाही तर आयकरात तिची वजावट कायमची जाते.

मालक स्वतः मात्र यात बसत नाही, कारण प्रोप्रायटर किंवा भागीदार हा कर्मचारी नसतो. त्याने स्वतःसाठी एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) किंवा पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) वेगळं उघडावं.