लस्टरची कॅश आणि केएमएसची किल्ली: रोलचं नाव लिहावं की अट घालावी?

एडब्ल्यूएसच्या एसथ्री साठवणीतल्या बकेटपुढे कॅश म्हणून एफएसएक्स फॉर लस्टर (एडब्ल्यूएसची जलद फाइल सिस्टम) लावताय, बकेट तुमच्याच केएमएस (किल्ल्या सांभाळणारी एडब्ल्यूएसची सेवा) किल्लीने एनक्रिप्ट केलेली आहे, आणि लस्टरला ती किल्ली वापरू द्यायची आहे. (‘की’ लिहिलं तर दर दुसऱ्या ओळीत ‘की’ची आणि ‘की’ची टक्कर होते, म्हणून किल्लीच म्हणतो.) बकेट साध्या एसएसई-एसथ्रीवर (एसथ्री स्वतःच्याच किल्लीने एनक्रिप्ट करतं ते) असेल तर हा प्रश्नच येत नाही. एडब्ल्यूएसची तयार एसथ्री किल्ली असेल, तरी त्याच खात्यात काम निभावतं. पण तिची पॉलिसी (किल्ली कुणी वापरायची याचे नियम) बदलता येत नाही, त्यामुळे बकेट दुसऱ्या खात्यात असली की अडतं. स्वतःची किल्ली असेल तर दोन वाटा आहेत.

पहिली सरळ आहे. बकेटशी जोडलेल्या प्रत्येक फाइल सिस्टमला स्वतःचा सर्व्हिस-लिंक्ड रोल (सेवेने फक्त स्वतःच्या वापरासाठी बनवलेली ओळख) मिळतो आणि त्याच्या नावाच्या शेवटी त्या फाइल सिस्टमचा आयडी असतो. त्या रोलचा एआरएन (एडब्ल्यूएसमधलं पूर्ण नाव) पॉलिसीत प्रिन्सिपल, म्हणजे परवानगी मिळणारा, म्हणून लिहायचा. दुसऱ्या वाटेत प्रिन्सिपलच्या जागी चक्क स्टार, म्हणजे ‘कुणीही’, येतो आणि खाली अटी: विनंती आपल्याच खात्यातली हवी, एसथ्रीमार्फतच आलेली हवी आणि करणारा एफएसएक्सचाच रोल हवा.

पहिल्या वाटेवर मी बरेच दिवस होतो आणि तिला नावं ठेवायला मन होत नाही. पॉलिसी उघडली की कुणाला परवानगी आहे ते एका नजरेत दिसतं. ऑडिटवाला स्टार बघून भुवया उंचावतो, नाव बघून पुढे जातो. तुमची कॅश महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर बहुधा पुढचं वाचायचीही गरज नाही.

आमची तशी नव्हती. संध्याकाळी स्क्रॅच (तात्पुरती) फाइल सिस्टम उभी करायची, रात्री जॉब चालवायचा, सकाळी ती पाडायची. पाडल्यावर मागे उरलेले रोल काढणारी एक स्क्रिप्ट होती, मीच लिहिलेली, आणि तिचं मला कौतुकही होतं. पण रोल गेला तरी किल्लीच्या पॉलिसीतली त्याची ओळ जात नाही. एआरएनच्या जागी ‘एआरओए’ने सुरू होणारी एक अगम्य अक्षरमाळ दिसू लागते. त्यामागचं कारण रास्त आहे: उद्या कुणी त्याच नावाचा नवा रोल केला, तर जुन्याची परवानगी त्याला आपोआप मिळू नये.

खरा घोळ पुढे होतो. केएमएसमध्ये पॉलिसीची एकच ओळ बदलता येत नाही, दर वेळी अख्खी पॉलिसी नव्याने लिहावी लागते. त्या लिखाणात मेलेला रोल असेल तर केएमएस ती स्वीकारत नाही, पॉलिसीत अवैध प्रिन्सिपल आहे म्हणून परत पाठवतं. म्हणजे आजच्या कॅशला परवानगी मिळेना, कारण कालच्या कॅशचं भूत यादीत बसलेलं. माझी स्क्रिप्ट ती एरर गिळून पुढे जायची, हा दोष निखालस माझा. लस्टरवर ‘एलएस’ने यादी मागितली तर सगळ्या फाइली नाव-आकारासकट हजर. ‘हेड’ने एखाद्या फाइलीची सुरुवात वाचली की इनपुट-आउटपुट एरर. मजकूर पहिल्या वाचनाच्या वेळी एसथ्रीतून येतो, आणि वाचताना किल्ली लागते ती तेव्हाच. तासभर मी नेटवर्कला शिव्या घालत होतो.

हे दोनदा झाल्यावर मी अटीवाल्या वाटेला आलो. कॅश येवोत, जावोत, पॉलिसीला हात लावावा लागत नाही.

पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. सहसा दिसणारी अट ‘यूजरआयडी’च्या शेवटी ‘एफएसएक्स’ आहे का, एवढंच बघते. तो शेवटचा भाग म्हणजे सेशनचं (रोल वापरण्याच्या त्या खेपेचं) नाव, आणि रोल घेणारा माणूस ते मनाला येईल ते ठेवू शकतो. खात्यातल्या कुणी मुद्दाम तसं नाव ठेवलं आणि त्याला बकेट वाचायची परवानगी असली, तर किल्ली त्याच्यासाठीही फिरेल. म्हणून मी ती अट काढून ‘प्रिन्सिपल-एआरएन’वर घातली: सर्व्हिस-लिंक्ड रोलचा पूर्ण पाथ, शेवटी स्टार. त्या पाथखाली आपल्याला हाताने साधा रोल बनवता येत नाही, तेव्हा हे मला बऱ्यापैकी सुरक्षित वाटतं. तुमच्या सिक्युरिटीवाल्यांचं मत वेगळं असू शकतं.

दुसरी खोच एनक्रिप्शन काँटेक्स्टची, म्हणजे किल्ली वापरण्याच्या विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीची. किल्ली एकाच बकेटपुरती बांधायला तिथे बकेटचा एआरएन घालतात. बकेट-की (अख्ख्या बकेटसाठी एक मधली किल्ली वापरून केएमएसच्या फेऱ्या कमी करणारी सोय) बंद असेल तर काँटेक्स्टमध्ये ऑब्जेक्टचा एआरएन जातो, चालू असेल तर नुसत्या बकेटचा. शिवाय ती मधेच चालू केली तर फक्त नव्या ऑब्जेक्टना लागू होते. त्यामुळे दोन्ही रूपं अटीत लिहून ठेवा, नाहीतर जुन्या किंवा नव्या, कुठल्या तरी एका गटातल्या फाइली वाचता येणार नाहीत.

ग्रँटचा, म्हणजे पॉलिसीबाहेर वेगळी परवानगी देण्याचा, पर्यायही आहे. मला तो फारसा रुचला नाही, कारण ग्रँट पॉलिसीत दिसत नाहीत आणि काढायच्या राहिल्या तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कुठलीही वाट घ्या, तपासताना एक करा. आधी उघडलेली फाइल पुन्हा उघडून बघू नका. तिचा मजकूर लस्टरवर आलेला असतो आणि तिथे तो सहसा वेगळ्याच किल्लीखाली असतो, त्यामुळे बकेटची किल्ली बंद केली तरी ती वाचता येते. ‘एलएफएस एचएसएम_स्टेट’ ही लस्टरची आज्ञा जिला ‘रिलीज्ड’ (मजकूर लस्टरवर नाही) म्हणते, अशी एखादी फाइल शोधा आणि ती वाचून बघा.